‘क्रीमच त आहे वो!’

गोंदियाकडच्या लग्नघरात हळदीच्या आठ-पंधरा दिवस आधी एक वाक्य हमखास ऐकू येतं. नवरीच्या गालावर पुटकुळ्या आलेल्या असतात, किंवा कपाळ उन्हानं काळवंडलेलं असतं. पाहुणे जमू लागलेले असतात. मग एखादी वहिनी, मावशी नाहीतर आतेबहीण पर्समधून अर्धी पिळलेली ट्यूब काढते. ‘लावून पाय न वो. मले लय मानवली. क्रीमच त आहे, का होते?’ नवरी जरा घुटमळते, पण लग्न तोंडावर आलेलं असतं. चार दिवसांत चेहरा उजळतो, ट्यूबची कीर्ती मांडवभर होते आणि करवल्या तिचा फोटो काढून घेतात. मेडिकलवाल्याला नाव सांगायचीही गरज पडत नाही. फोटो दाखवला की त्याचा हात बरोबर त्या फळीवर जातो.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. वहिनीशी भांडण नाही, तिचा हेतू चांगलाच असतो आणि तिला त्यात दमडीही मिळत नाही. भांडण आहे ते तिच्या वाक्यामागच्या समजुतीशी. तोंडाला लावायची वस्तू पोटात थोडीच जाते, त्यामुळे एकीला चालली की दुसरीलाही चालते, आणि नाहीच चालली तर बुडतात ते ट्यूबचे पैसे, अशी ती समजूत आहे. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चूक आहे. आपल्या उन्हात आणि आपल्या सावळ्या कातडीवर तर जरा जास्तच चूक आहे.

‘मला मानवलं’ ही साक्ष खोटी असते असं मी म्हणत नाही. ती फार लवकर दिलेली असते. हातोहात फिरणाऱ्या या ट्यूबांपैकी पुष्कळांत तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं एखादं स्टिरॉइड. या त्रिकुटाचा पूर्वज १९७५ सालचा. अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी वांगासारख्या काळ्या डागांवर असं मिश्रण सुचवलं. त्यात स्टिरॉइड वेगळं, डेक्सामेथासोन होतं. औषध म्हणून त्याला आजही जागा आहे. ठरावीक आठवडे, रात्री, डाग असेल तेवढ्याच जागी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. आपण त्याची स्नो-पावडर करून टाकली.

स्टिरॉइड लावलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि सूज ओसरते, रंग तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. आठवडाभरात चेहरा नितळ दिसतो, आणि शिफारस होते ती नेमकी याच आठवड्यात. दोन-चार महिन्यांनी कातडी पातळ पडते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ उठतं, हनुवटीवर आणि गालांवर लव वाढते. घाबरून क्रीम बंद केलं तर चेहरा लालबुंद होतो, आग आग होते. पुन्हा लावलं की शांत. त्यामुळे क्रीम आपल्याला ‘मानवतं’ याचा पुरावा त्या बाईला रोज रात्री मिळत राहतो, आणि ती तो पुढे सांगत राहते. ज्या करवलीनं मांडवात फोटो काढून नेला, तिला सहा महिन्यांनंतरची हकिकत सांगायला कुणी जात नाही.

हे माझं अनुमान नाही. भारतातल्या १२ त्वचारोग केंद्रांवर केलेली एक पाहणी २०११ साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, तोंडाला स्टिरॉइड लावत होते. कशासाठी? सर्वांत जास्त लोकांचं उत्तर होतं, गोरं दिसायला, नाहीतर असंच रोजचं क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावायला. ४३३ पैकी २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं, आणि त्यांतल्या दर दहापैकी नऊ जणांच्या हातात जहाल किंवा अतिजहाल वर्गातलं स्टिरॉइड होतं. राहिलेल्या १७६ जणांना डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं. हेही लपवायचं कारण नाही. वहिनीला बोल लावताना डॉक्टरांची चिठ्ठी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वापरू देणाऱ्या व्यवस्थेलाही बोल लागतोच. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ प्रकारची स्टिरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी फोटो दाखवून ट्यूब मिळते, हे वाचकांना मी सांगायला नको.

स्टिरॉइडवर निदान नाव तरी छापलेलं असतं. बिननावाच्या डबीचं काय? जानेवारी २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, त्या क्रीममध्ये पारा सापडला. त्याच काळात केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण वाढलेले दिसले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत आजाराची एक खास खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमं लावत असल्याचं निघालं. पारा कातडीला रंग बनवू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. मग तो कातडीतून रक्तात उतरतो, मूत्रपिंडात साठतो, लघवीवाटे प्रथिनं जायला लागतात, पाय सुजतात. पाय सुजले की चेहऱ्याच्या क्रीमचा संशय कुणाला येणार? तोंडाला लावलेलं पोटात जात नाही म्हणणाऱ्यांनी अकोल्याचं हे उदाहरण लक्षात ठेवावं.

आता समोरचा पक्ष म्हणेल, ही तर भेसळीची आणि औषधांची उदाहरणं झाली. चांगल्या कंपनीचं, पारा नसलेलं, स्टिरॉइड नसलेलं, रीतसर घटक छापलेलं सौंदर्यप्रसाधन लावून बघायला काय हरकत आहे? नाही मानवलं तर सोडून द्यावं.

मला खरं भांडायचंय ते इथेच. ‘लावून बघ’ हा प्रयोग सगळ्या कातड्यांना सारख्याच किमतीत पडत नाही. गोऱ्या कातडीच्या बाईला एखादं सीरम झोंबलं तर गाल लाल होतो, आठवड्यात लाली जाते, गोष्ट संपते. सावळ्या कातडीला तेच झोंबलं तर लाली नीट दिसतही नाही, पण ती ओसरल्यावर मागे काळा डाग राहतो आणि तो महिनोन् महिने जात नाही. आपल्या कातडीचा तो स्वभावच आहे; कुठलीही जळजळ, मुरुम, खरचटणं, ती रंगानं नोंदवून ठेवते. ‘आधी थोडी आग होईल, मग बरं वाटेल’ हा गोऱ्या कातडीवर घडलेला अनुभव जसाच्या तसा इकडे आणला की सालेकसाच्या मुलीच्या गालावर सहा महिन्यांचा डाग उरतो. तो घालवायला पुढचं क्रीम येतं. पुढचंही कुणीतरी सुचवलेलंच असतं.

त्वचेच्या प्रकारांची जी कोष्टकं आपण फोनवर बघतो तीही कुणासाठी तयार झाली ते पाहण्यासारखं आहे. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हात कातडी किती भाजते आणि किती रापते यावरून प्रकार पाडले. हेतू होता सोरायसिसच्या उपचारात अतिनील किरणांचा पहिला डोस ठरवण्याचा, आणि मूळचे प्रकार होते गोऱ्या लोकांचेच. तपकिरी आणि काळ्या कातडीचे दोन प्रकार नंतर जोडले गेले. आपल्याकडची बहुतेक मंडळी शेवटच्या दोन-तीन खणांत मावतात. तेलकट, कोरडी, मिश्र ही दुसरी वाटणी तर दवाखान्यातली नाहीच. ती हेलेना रुबिनस्टाईन या सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापारी बाईंच्या नावावर सांगितली जाते. गल्ल्यावर जन्मलेली विभागणी गल्ल्यावर उपयोगी पडते, याचं आश्चर्य वाटायला नको. आणि डबीवरचं ‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी’ हे तर त्या वाटणीवरही पाणी फिरवतं. ‘त्वचातज्ज्ञांनी तपासलेलं’ या शिक्क्याखाली किती जणांवर, कुठल्या रंगाच्या, कुठल्या हवेतल्या, किती दिवस, यातलं काहीच छापलेलं नसतं.

सनस्क्रीनचंच बघा. ‘बाकी काही लावू नको, पण सनस्क्रीन लाव’ हा आजचा सर्वांत शहाणा सल्ला समजला जातो. तो चुकीचा नाही, अर्धा आहे. डबीवरचा एसपीएफचा आकडा कातडी भाजून लाल होण्यावरून ठरतो. आपल्या बायांची तक्रार भाजण्याची कमी आणि काळवंडण्याची, वांगाची जास्त. सावळ्या कातडीवर हे काळवंडणं नुसत्या अतिनील किरणांनी होत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानंही होतं. २०१० च्या सुमारास झालेल्या एका प्रयोगात गडद कातडीवर दृश्य प्रकाशानं दाट आणि टिकाऊ रंग चढला. गोऱ्या कातडीवर काहीच झालं नाही. हा उजेड अडवायला रंगीत सनस्क्रीन लागतं, ज्यात लोहाचे ऑक्साइड असतात. आणि रंगीत सनस्क्रीनच्या छटा आपल्या दुकानात कुणाच्या रंगाच्या मिळतात, ते एकदा आरशासमोर लावून बघा.

सनस्क्रीनच्या मापाचा हिशोब तर कुणी करतच नाही. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम चोपडून एसपीएफचा आकडा मिळालेला असतो. चेहरा आणि मानेला एका वेळी सव्वा ग्रॅम तरी हवं. दिवसभर उन्हात असणाऱ्या बाईनं दर दोन तासांनी, म्हणजे चार वेळा लावलं तर पाच ग्रॅम झाले. ५० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपली. बरी ट्यूब तीन-चारशेला पडते. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती.

मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या दिवसांत देवरी किंवा सडक अर्जुनीकडच्या रस्त्यानं पहाटे जा. जंगलात शिरणाऱ्या बायांच्या अंगात लुगड्यावरून नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो. मनगटापर्यंत बटणं लावलेली, कॉलर वर केलेली. डोक्याला दुपट्टा असा गुंडाळलेला की कपाळ, कान, गाल झाकले जातात आणि डोळे तेवढे दिसतात. उन्हं चढायच्या आत पानं तोडून त्या परततात आणि सावलीत बसून पुडे बांधतात. ऊन टाळा, अंग झाका, जाड विणीचं कापड वापरा: त्वचातज्ज्ञ उन्हाबद्दल जे सांगतात त्यातलं पहिलं सगळं या बाया कुणी न शिकवता करतात. घामानं कापड वाहून जात नाही, दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. शहरातली सौंदर्यसल्लागार यांना ‘स्वतःकडे लक्ष देत नाहीत’ म्हणते. मला विचाराल तर त्या शर्टाला ट्यूबच्या वरचा नंबर आहे. रोवणीच्या दिवसांत तर वरून पाऊस, खाली बांधीतलं पाणी आणि कपाळावरून डोळ्यांत उतरणारा घाम. तिथे सनस्क्रीन डोळ्यांत जाऊन झोंबण्यापलीकडे फारसं काही करत नाही.

एकाच चेहऱ्याला आपल्याकडे वर्षातून तीन हवा सोसाव्या लागतात. उन्हाळ्यात पारा ४४ च्या पुढे जातो. पावसाळ्यात धानपट्ट्यातली हवा अशी ओली की वाळत घातलेले कपडे दोन दिवस ओलसर. आणि हिवाळ्यात विदर्भातल्या सर्वांत कमी तापमानाच्या बातमीत वारंवार गोंदियाचं नाव असतं. जो चेहरा श्रावणात तेलकट असतो तोच पौषात कोरडा पडून ओढतो. त्यात कोरियन बायकांचा दहा पायऱ्यांचा दिनक्रम आणायचा. सोलमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली असतो, घरं तापवलेली असतात, हवा कोरडी. तिथे एकावर एक चार थर चढवण्याला अर्थ आहे. जुलैत तिरोड्याला ते चार थर लावून मुलगी स्कूटीवर कॉलेजला गेली तर छिद्रं बुजून मुरुम येणारच. मग तिला सांगितलं जातं की ‘आतली घाण बाहेर पडते आहे, थांबू नको’. मानवलं तर श्रेय क्रीमचं आणि नाही मानवलं तर दोष तिच्या कातडीचा, अशी ही युक्तिवादाची सोय. काही औषधांनी सुरुवातीला मुरुम वाढतात हे खरं आहे. पण ते ट्रेटिनॉइनसारख्या मोजक्या औषधांचं. प्रत्येक लोशनला ती सवलत देता येत नाही.

यावर घरगुती पक्ष हसतो. ‘म्हणूनच आम्ही म्हणतो, लिंबू, हळद, बेसन लावा. निसर्गाचं आहे, अपाय नाही.’ लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्यातली द्रव्यं सूर्यप्रकाशाशी मिळून कातडी अक्षरशः भाजतात. फोड येतात आणि मागे काळे ओघळ उरतात. हळदीची ॲलर्जी क्वचित असते, पण असते. लवकर रंगणाऱ्या काळ्या मेंदीत केसांच्या कलपातलं पीपीडी मिसळलेलं असतं आणि त्यानं हात सुजून पाण्याचे फोड येतात. इतकं लांब कशाला, कपाळावरची टिकली घ्या. तिच्या मागच्या डिंकातल्या एका रसायनानं काही बायकांच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. भारतीय त्वचातज्ज्ञांनी हे अनेक वर्षांपासून नोंदवलं आहे. लाखो बाया टिकली लावतात आणि त्यांना काही होत नाही. ज्या थोड्यांना होतं त्यांना घरचे कोड समजून बसतात, सोयरीक मोडते. लाखोंना चालणारी वस्तूसुद्धा एखादीला चालत नाही. यात तिची कातडी वाईट नाही की टिकली विषारी नाही. जे लावायचं ते आणि ज्याला लावायचं ते, दोन्ही बघावं लागतं.

आपल्याकडे मोहाच्या बियांचं तेल थंडीत अंगाला लावतात. ते थिजून घट्ट होतं, फुटलेल्या टाचांना उत्तम. शहरात अशाच चीजवस्तूंना ‘बॉडी बटर’ म्हणून चौपट भाव मिळतो. पण मुरुमांनी भरलेल्या चेहऱ्यावर तेच चोळा म्हणणारी आजी आणि काचेच्या बाटलीतलं सीरम चोळा म्हणणारी फोनवरची पोरगी, दोघी एकच चूक करतात. आजी निदान पैसे घेत नाही. फोनवरचीला कंपनीकडून पैसे किंवा फुकट माल मिळाला असेल तर तसं ठळक सांगणं बंधनकारक आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं तशी मार्गदर्शक सूचना काढली. ‘माझी आवडती’ म्हणून दाखवलेल्या वस्तूखाली तशी कबुली शोधून बघा.

शिवाय शरीर म्हणजे नुसतं कातडं नव्हे. ट्रेटिनॉइन आणि त्याच्या कुळातली औषधं गरोदरपणात टाळायची असतात. ट्यूब एका वहिनीकडून दुसरीकडे जाते तेव्हा दुसरीला दिवस गेले आहेत का, हे कोण विचारतं? गरोदरपणात वांग येतात आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा आपसूक फिकट होतात. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही येऊ शकतात. त्या बाईला क्रीमची नव्हे, गोळीबद्दल नर्सबाईशी बोलण्याची गरज असते. दोघींचे डाग दिसायला सारखे, कारणं वेगळी. म्हणून एकीची ट्यूब दुसरीच्या कामाची नसते.

आणि आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत गंभीर गोष्ट अजून सांगायचीच आहे. गालावर, पाठीवर, दंडावर एखादा फिकट चट्टा येतो. खाजत नाही, दुखत नाही. ‘कॅल्शियम कमी झालं असेल, हे लाव.’ गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा पूर्व विदर्भाचा पट्टा राज्यात कुष्ठरोगाचं प्रमाण जास्त असलेला आहे. राष्ट्रीय पातळीवर २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं, पण आपल्याकडे आशाताई आजही घरोघर चट्टे तपासत फिरतात, ते उगाच नाही. चट्ट्यावर कापसाचा स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल तर ते सुरुवातीचं लक्षण असू शकतं. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे, सहा महिने किंवा वर्षभराचा. वेळेत घेतला तर बोटं, डोळे वाचतात. अशा चट्ट्यावर कुणाच्या सल्ल्यानं स्टिरॉइड चोळलं तर वरवर तो दबल्यासारखा दिसतो आणि निदान लांबतं. तोवर आत नसा खराब होत राहतात. गजकर्णाचं तेच. पावसाळ्यात मांड्यांत, काखेत उठलेल्या गजकर्णावर स्टिरॉइड असलेली मिश्र ट्यूब लावायची, खाज थांबली की सोडायची, पुन्हा उठलं की पुन्हा. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी साध्या औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीची एक जात वेगळी काढली आणि तिच्या नावात ‘इंडो’ घातलं. ही बुरशी बोकाळण्यामागे भारतातल्या या मिश्र ट्यूबांचा मोठा हात असल्याचं त्वचातज्ज्ञ सांगतात.

मेकअपचा प्रश्न एवढा जिवावरचा नाही, म्हणून थोडक्यात. २०१७ साली बार्बाडोसच्या एका गायिकेच्या कंपनीनं फाउंडेशनच्या ४० छटा एकदम आणल्या तेव्हा जगभर गाजावाजा झाला. त्याआधी सावळ्या बायांनी काय लावायचं, हा प्रश्न बाजारानं नीट विचारलाच नव्हता. आपल्या बाजारातल्या जनरल स्टोअरमध्ये अजूनही हस्तिदंती आणि बदामी यांच्या अलीकडे-पलीकडेच गाडी अडते. परिणाम लग्नाच्या अल्बममध्ये दिसतो: चेहरा राखाडी, मान गव्हाळ, हात सावळे, एकाच नवरीच्या अंगावर तीन माणसं. मेकअपलाही जागा आणि वेळ असते. झाडीपट्टीच्या नाटकातला रंग हिवाळ्याच्या रात्री, प्रखर दिव्यांखाली, मंडपातल्या शेवटच्या रांगेला दिसावा म्हणून जाड लावतात, आणि तिथे तो शोभतो. तीच जाडी मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला, दोन हातांवरून बघणाऱ्या पाहुण्यांसमोर, मंगलाष्टकं संपायच्या आत वितळते.

हे सगळं चेहऱ्याच्या आरोग्यासाठी चाललेलं असतं, असं कुणी म्हणू नये. लग्नाच्या बायोडाट्यात ‘रंग’ नावाची ओळ असते आणि तिच्यात ‘गोरा’ नाहीतर ‘निमगोरा’ लिहायचं असतं. ‘सावळा’ लिहिलं की फोन येत नाहीत. १९७५ साली बाजारात आलेल्या देशातल्या सर्वांत खपाच्या गोरेपणाच्या क्रीमनं २०२० मध्ये आपल्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकला. बायोडाट्यातली ओळ मात्र काढली गेली नाही. मुलीच्या कातडीत काही बिघाड नसताना तिला दुरुस्तीला टाकायचं, आणि दुरुस्तीनं बिघाड झाला की म्हणायचं, हिला काहीच मानवत नाही.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तोच खरा वजनदार आहे. ‘तुमचं सगळं कबूल, पण डॉक्टर आहेत कुठे? केशोरी किंवा चिचगडच्या बाईनं त्वचातज्ज्ञ शोधत दिवसाची मजुरी बुडवून कुठं जायचं? तिला मैत्रीण आणि मेडिकलवाला हेच डॉक्टर.’ बरोबर आहे. याला माझ्याकडे छान उत्तर नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण टोकाच्या गावाहून तिथे पोचायला जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टर मिळतात, नेटवर्क असेल तर. पण डॉक्टर दूर आहेत म्हणून शेजारणीची ट्यूब बरोबर ठरत नाही. उलट जिथे बिघडलं तर सावरायला जवळ कुणी नाही, तिथे ‘लावून पाय’ म्हणताना जीभ जास्त अडखळायला हवी. जवळ दवाखाना असलेल्या नागपूरकरणीला हा जुगार एक वेळ परवडेल.

कुणी कुणाला काही सांगूच नये, असंही नाही. सांगा, पण पुरतं सांगा. किती महिने लावताय, कुठल्या ऋतूत, आणखी कुठलं औषध चालू होतं, बंद केल्यावर काय झालं. सहा महिने झाले नसतील तर शिफारस करू नका. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज दोन वेळा लावून बघा. खाज, पुरळ, काळेपणा आला तर ती चेहऱ्यावर न्यायची नाही. या परीक्षेची एक मर्यादाही सांगून ठेवते. ॲलर्जी तीत पकडली जाते, स्टिरॉइड नाही. स्टिरॉइडची ट्यूब ही परीक्षा पहिल्या नंबरानं पास होते.

म्हणून घरातली ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा, वाचता येत नसतील तर शाळकरी पोराकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव असेल तर ते तोंडाला रोज लावायचं क्रीम नाही, चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. डबीवर घटकच छापलेले नसतील तर ती कुणालाही देऊ नका. आणि स्टिरॉइडची ट्यूब महिनोन् महिने लावत असाल तर हा लेख वाचून आजच्या आज ती फेकू नका. एकदम थांबवल्यानं चेहरा पेटतो. ट्यूब पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, किती दिवस लावली ते खरं सांगा, आणि कशी कमी करायची ते त्यांच्याकडून विचारून घ्या.